अडतीस हात

"आत्या, तू चित्रं काढायची का सोडलीस?"

टकळीने हे विचारलं तेव्हा आत्याच्या हातात दोन बाय तीन फुटांची काच होती, आणि हा योगायोग अजिबात नव्हता. शुक्रवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या जिन्यावर बसून तीन डोक्यांनी आखलेलं ते कारस्थान होतं. आपण चित्रकला सोडतोय, कायमची, विषय संपला, असं टकळीने जाहीर केलं होतं. त्यावर जिला अख्खा वर्ग वकीलसाहेब म्हणतो, ती मैत्रीण डब्याचं झाकण लावत म्हणाली, "तुझ्या आत्यानेपण सोडली होती ना? मग सोडून कसं वाटतं ते आधी तिला विचार. आपण साधा फ्रॉक घेतानापण घालून बघतो."

आमच्या घरात तो प्रश्न कुणी विचारत नाही, असं टकळी म्हणाली. मग तर विचारून दाखवच, असं ठरलं. नाही विचारलं तर तिच्या चित्रांवर पेपरात आलेला मजकूर सोमवारी टकळीने स्वतः वर्गासमोर उभं राहून मोठ्याने वाचायचा. आणि केव्हा विचारायचं, हेसुद्धा वकीलसाहेबांनीच काढून दिलं. "तुमच्याकडे तो काचेचा नियम आहे ना? मग काय, तिच्या हातात काच येईपर्यंत थांब."

फ्रेमच्या दुकानात महिन्याचा पहिला रविवार हा काचेचा रविवार असे. शटर अर्धं खाली ओढायचं, भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमा उतरवायच्या, शोकेसच्या काचा काढायच्या आणि सगळ्या कुटुंबाने मिळून पुसायच्या. आधी व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलेला रद्दी पेपरचा बोळा, मग कोरडा बोळा, मग उजेडात तिरकी धरून तपासणी. आणि आजोबांचा नियम एकच: हातात काच असताना भांडायचं नाही. एकदा थोरले काका काच धरूनच तावातावाने बोलायला लागले होते, त्याची खूण अजून फरशीवर आहे आणि काकांच्या पायावरही.

त्यामुळे आत्या भडकली नाही. तिने टकळीकडे बघितलंसुद्धा नाही. पण शोकेसजवळ बाबांच्या हातातला बोळा थांबला, नळाशी आईने पाणी बंद केलं, आणि मागच्या टेबलावर पट्टीचे कोपरे घासत बसलेल्या आजोबांचा कानशीचा आवाज हळूहळू विरत गेला, बस थांब्यावर येताना होतो तसा.

"काच ठेवू दे मला," आत्या म्हणाली.

टकळीला वाटलं, संपलं. आता आपल्याला धरून बडवणार. पंचेचाळीस वर्षांची ही आत्या एरवी गोड बोलायची, पण तिच्या हातात दिवसभर माउंट कापायचा कटर असायचा. माउंट म्हणजे चित्र आणि फ्रेम यांच्यामध्ये बसतो तो जाड पुठ्ठा. त्याची खिडकी आत्या अशी तिरकी, अशी नितळ कापायची की लोक लांबून लांबून तिच्याकडे यायचे. आत्याने काच कांबळ्यावर आडवी ठेवली, हात पुसले आणि माळ्याची शिडी ओढली.

"ताई, असू दे ना," बाबा म्हणाले. "पोरगी आहे. तिच्या डोक्यात तो पेपर फिरतोय, म्हणून काहीतरी विचारते."

तो पेपर गुरुवारचा. ग्रंथालयाच्या सभागृहात शाळांच्या मुलांचं प्रदर्शन लागलं होतं, त्यात टकळीची पाच चित्रं होती. मंगळवारी कला महाविद्यालयाचे लोक येऊन त्यातून मुलं निवडणार होते, सुट्टीतल्या वर्गासाठी. आठ दिवस टकळी जमिनीवरून चालतच नव्हती. आणि मग गुरुवारी पेपरात प्रदर्शनावर चार परिच्छेद आले, त्यातला शेवटचा पूर्ण तिच्यावर. तो तिला पाठ झाला होता, न करता. एका मुलीच्या पाच चित्रांत मिळून एकोणीस माणसं आहेत आणि एकाचाही हात दिसत नाही. कुणाचे खिशात, कुणाचे पाठीमागे, कुणाचे पिशवीआड. माणसं काढायची हौस दांडगी, हात काढायची मेहनत मात्र नको. अशा चित्रांनी सभागृहाची भिंत का अडवावी?

वाईट म्हणजे ते खरं होतं. टकळीला हात येत नव्हते. बोटं नेहमी केळ्यांच्या घडासारखी व्हायची. त्यामुळे तिने जगातल्या सगळ्यांना खिसे देऊन टाकले होते आणि हे कुणाच्या लक्षात येणार नाही, अशी तिची खात्री होती.

बाबांनी त्याच रात्री ठरवून टाकलं होतं. रविवारी संध्याकाळी जाऊन चित्रं उतरवून आणतो, पॅकिंगचा कागदसुद्धा काढून ठेवला. कुणाला कळायचंही नाही, म्हणाले. बाबा काही भित्रे नव्हते. पण ते एकवीस-बावीस वर्षांचे असताना त्यांची ताई एका आठवड्यात हसायची थांबली होती आणि त्यांना ते दाराआडून बघत बसण्यापलीकडे काही करता आलं नव्हतं. या वेळी आपण वेळेत पोचायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

आत्या माळ्यावरून उतरली ती एक फ्रेम घेऊन. जुन्या चादरीत गुंडाळलेली. तिने ती टेबलावर ठेवली आणि चादर काढली. सागाची रुंद पट्टी, कोपरे असे जुळलेले की नख घालता येणार नाही. आत दुहेरी माउंट, बाहेर मोतिया आणि आत बारीक निळी रेघ. दुकानात राष्ट्रीय वगैरे पुरस्कारवाल्यांच्याच चित्रांना असा थाट मिळायचा. आणि त्या सगळ्या थाटाच्या आत वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण. वर आत्याचा फोटो, दोन वेण्या आणि केवढं तरी हसू.

"वाच," आत्या म्हणाली. "मोठ्याने. विचारलंस ना?"

टकळीने वाचलं. पहिल्या दोन ओळी नीट वाचल्या, मग तिचा आवाज आपोआप बारीक होत गेला. एका फ्रेमवाल्यांच्या कन्येचं पहिलं चित्रप्रदर्शन पाहिलं. फ्रेमा अप्रतिम आहेत. चित्रांबद्दल मात्र तसं म्हणवत नाही. रंग भरपूर, सांगण्यासारखं काही नाही. इतकी सुंदर चौकट आणि आत नुसती पोकळी. बाईंनी वडिलांच्या दुकानात बसावं, तिथे त्यांची खरी गरज आहे.

बादलीत नळाचा एक थेंब पडला.

आत्या बोलायला लागली ती फरशीकडे बघत, आणि आवाज असा की जणू गिऱ्हाइकाला पट्ट्यांचे प्रकार सांगतेय. पेपरवाल्याचं तिला लागलं होतं, नाही असं नाही. दोन दिवस जेवली नव्हती. पण तिसऱ्या दिवशी तिने ठरवलं होतं की गेला उडत, पुढची चित्रं सुरू करायची. कॅनव्हास न्यायला दुकानात आली, तर गल्ल्याच्या वरच्या खिळ्याला हे. येणारं-जाणारं प्रत्येक माणूस वाचतंय.

"पेपरवाला परका होता," आत्या म्हणाली. "पण अण्णांनी सागाची पट्टी लावली. दुहेरी माउंट केला. म्हटलं, बरोबर, यांचंही हेच मत आहे. तोंडावर सांगवत नाही म्हणून भिंतीवर सांगितलं. दुकानात बसावं. मग बसले."

अण्णा म्हणजे आजोबा. टकळीने त्यांच्याकडे बघितलं. तिचे आजोबा, जे रस्त्यावरच्या कुत्र्यालासुद्धा 'अहो' म्हणायचे. ते हातातली कानस उलटीसुलटी करत होते. ती कुठे ठेवायची असते हेच विसरल्यासारखे.

आई नळापासून पुढे आली. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची आणि घरातली कमीत कमी बोलणारी व्यक्ती होती. ती आजोबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आत्याच्या नाही, बाबांच्या नाही, आजोबांच्या. "अण्णा," ती हळूच म्हणाली, "मी सांगू?"

आजोबांनी मान हलवली. नको. कानस अखेर टेबलावर टेकली.

"मला वाचता येत नाही, पोरी," आजोबा म्हणाले.

आत्या म्हणाली, "म्हणजे चष्मा..."

"चष्मा नाही. अक्षरच लागत नाही मला. लहानपणापासून."

आता आजोबांचा चष्मा ही घरातली सगळ्यात जुनी गंमत होती. तो कायम हरवलेला असायचा. चिठ्ठी आली, की तू वाच ग, माझा चष्मा कुठे गेला कोण जाणे. आजी असताना ती रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायची, आणि सगळे म्हणायचे, काय प्रेम आहे. टकळीने एका वाढदिवसाला त्यांना चष्म्याला बांधायची दोरी दिली होती. ती दोरी आठवून तिला आत्ता जमिनीत जावंसं वाटलं.

आजोबा थांबत थांबत सांगत गेले. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं चित्रासारखी ओळखता येतात. घरच्यांच्या नावांचे आकार येतात. बारीक छापलेलं मात्र मुंग्यांसारखं पळतं. त्या दिवशी एक गिऱ्हाईक पेपर विसरून गेलं, त्यात लेकीचा फोटो दिसला. खाली तिच्या नावाचा आकार दिसला. वाचून दाखवायला आजी नव्हती, ती भाचीच्या बाळंतपणाला गेलेली. "मी म्हटलं, पेपरात फोटो चांगल्यांचाच छापतात. सागाची ती एक पट्टी जपून ठेवली होती, कुणासाठी ते ठरलं नव्हतं. ती कापली. येईल त्याला दाखवत होतो. लोक वाचायचे आणि गप्प बसायचे. मला वाटायचं, भारावले." त्यांनी ओठ पुसले. "चौथ्या दिवशी औषधाच्या दुकानवाला आला, त्याने मोठ्याने वाचलं. हसला. मी तेव्हाच उतरवली. पण तोवर तू माउंटच्या टेबलावर जाऊन बसली होतीस."

"मग सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? पोरगी पेपरात येते आणि बापाला अक्षर लागत नाही? आज सांगू, उद्या सांगू. आणि मला वाटत होतं तू त्या पेपरवाल्यामुळे सोडलंस. माझ्यामुळे, हे मला आत्ता कळतंय."

बाबा आईकडे वळले. त्यांचा बोळा अजून हातातच होता, त्यातून पाणी चपलेवर ठिबकत होतं. "तुला माहीत होतं?"

सोळा वर्षं, आई म्हणाली. लग्नानंतर तिसरा चष्मा हरवला तेव्हा तिने त्यांचे डोळे नीट तपासले. डोळे उत्तम. जवळचं वाचायचं कार्ड दिलं आणि वाचा म्हटलं, तर कार्डाकडे बघून म्हणाले, छान आहे.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"गिऱ्हाइकाचं घरी सांगत नाहीत," आई म्हणाली. बाबा आपली चप्पल झटकायला लागले.

आणि टकळीच्या डोक्यात एकदम काहीतरी लखकन पेटलं. तिने कुणाला न विचारता ती सागाची फ्रेम उचलून पालथी केली.

कारण आजोबांनी केलेल्या प्रत्येक फ्रेमच्या पाठीवर पेन्सिलीने काढलेली एक खूण असते, हे सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांच्या फ्रेममागे मिशी, गाण्याच्या बाईंच्या फ्रेममागे त्यांची मोडकी छत्री, बँकेतल्या साहेबांच्या मागे त्यांचं बुटकं कुत्रं. लोकांना फार आवडायचं ते. म्हातारा कलंदर आहे, म्हणायचे. फ्रेम कुणाची हे ओळखायला त्यांच्याजवळ दुसरं साधनच नव्हतं, हे आज पहिल्यांदा टकळीला समजलं.

कात्रणाच्या मागच्या पुठ्ठ्यावर एक हात होता. बायकी, बारीक मनगटाचा, ब्रश धरलेला. करंगळी किंचित बाहेर आलेली, आत्याची येते तशी, आत्ता कटर धरतानासुद्धा येते तशी. अंगठ्याच्या मुळाशी एकच रेघ, पण तिथे मांस आहे हे कळत होतं.

आत्याने आपला उजवा हात वर करून बघितला. मग तिने तो हात आजोबांच्या हातावर ठेवला. आत्या म्हणाली, "कोपरे काय सुंदर जुळवलेत, अण्णा." आजोबा म्हणाले, तुझ्या फोटोला शोभायला नको? मग आत्या हसली, आणि हसता हसता तिचं नाक गळायला लागलं आणि आईने तिला काचा पुसायचा कोरडा पेपर दिला, दुसरं काही जवळ नव्हतं म्हणून. आत्याच्या नाकाला शाई लागली. आजोबांनी ती अंगठ्याने पुसली, लहान मुलीची पुसावी तशी, तरी थोडी राहिलीच.

"आजोबा," टकळी म्हणाली, "हे कसं काढलंत?"

"काय कसं?"

"हात. बोटं केळ्यांसारखी का नाही झाली?"

आजोबांनी विचारलं, तुझी होतात का. आणि मग टकळीला सांगावंच लागलं. घरात आजोबा सोडून सगळ्यांनी तिचा तो परिच्छेद वाचला होता, आणि आजोबांना कुणी वाचून दाखवला नव्हता, दुखवायचं नाही म्हणून. रद्दीच्या ढिगात बाबांनी गुरुवारचा पेपर तळाशी दाबला होता. टकळीने तो ओढून काढला. आत्या म्हणाली, मी वाचते. तिने शाईच्या नाकाने सगळा परिच्छेद वाचला, एकही शब्द न गिळता. बाबांनी दोनदा घसा खाकरला. टकळीला वाटलं होतं की ऐकताना मरायला होईल. तसं झालं नाही. आत्याच्या आवाजात ते जरा लहान वाटलं.

"एकोणीस माणसं मोजली त्याने?" आजोबांनी विचारलं.

"हो. बरोबर आहेत एकोणीस."

"आणि कुणाचे खिशात, कुणाचे मागे, तेही बघितलं?"

"हो."

"मग बराच वेळ उभा होता तुझ्या चित्रांपुढे," आजोबा म्हणाले. "भिंत अडवलीस म्हणतो, पण अडला तोच."

हे टकळीच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. तीन दिवस ती त्या माणसाला नुसती ओळी लिहिताना बघत होती. आता तो तिला चित्रापुढे उभा दिसला, बोट दाखवून मोजताना, हात शोधताना.

आत्याने विचारलं, यातलं खरं किती आहे? टकळी म्हणाली, हातांचं खरं आहे. मेहनतीचं अर्धं. ती खिसे काढायला पण खूप मेहनत करते. आणि भिंतीचं? टकळीने खांदे उडवले. आत्याने कटर घेतला, पोलादी पट्टी ठेवली आणि माउंट कापावा तितक्या काळजीने हातांच्या तीन ओळी कापून काढल्या. त्या टकळीच्या तळहातावर ठेवल्या. उरलेल्या परिच्छेदाचा तिने बोळा केला, व्हिनेगरच्या पाण्यात बुडवला, पिळला आणि टकळीकडे फेकला. "ती मघाची काच राहिलीय बघ."

टकळीने ती काच त्या बोळ्याने पुसली. वर्तमानपत्राच्या शाईने काच छान निघते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण इतकी छान कधीच निघाली नव्हती, असं ती पुढे मैत्रिणींना शपथेवर सांगणार होती.

"आणि तू?" तिने पुसता पुसता आत्याला विचारलं. "तू परत काढणार?"

आत्या म्हणाली, बघू. पण तिने माळ्यावरच्या रंगांच्या पेटीबद्दल बाबांना विचारलं, ती अजून तिथेच आहे का. बाबा म्हणाले, आहे, रंग दगड झाले असतील. रंग मिळतात बाजारात, असं आजोबा कुणाकडेही न बघता म्हणाले. मग त्यांनी नातीला हाक मारून शेजारी बसवलं आणि माउंटमधून निघालेला एक चौकोनी तुकडा पुढे ठेवला. बोटं काढायची नाहीत, म्हणाले. हात काय करतोय ते काढायचं, बोटं मागून येतात.

पुढचा तासभर काचा पुसणं मोठ्यांनीच केलं. टकळी टेबलाखालच्या रिकाम्या तुकड्यांवर हात काढत सुटली. बादली पिळणारे आईचे हात. आजोबांचा कानस धरणारा हात, त्याचं काळं पडलेलं नख. पहिला केळ्यांचाच झाला. दुसरा मोज्यासारखा. चौथ्याला आजोबांनी नुसतं "हं" केलं आणि ते "हं" तिने मनात फ्रेम करून ठेवलं. आत्या येता-जाता डोकावत होती. एकदा तिने टकळीच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, एक रेघ मारली आणि घाईने परत दिली, जशी काही ती तापलेली होती. दोन मिनिटांनी परत येऊन तिने दुसरी रेघ मारली.

तोवर दुपारचं ऊन अर्ध्या शटरखालून फरशीवर आलं होतं. शेवटची राहिली ती शोकेसची मोठी काच, पाच फुटी. ती आई आणि बाबा उचलायचे, दोन टोकांना दोघं, कारण इतक्या वर्षांत त्यांची पावलं एकमेकांत बसली होती. बाबा म्हणत होते, ही बसवली की निघतो, ग्रंथालय सहाला बंद होतं. त्यांनी पॅकिंगच्या कागदाची गुंडाळी दाराशी आणून ठेवली होती.

टकळीने ती गुंडाळी बघितली. मग आई-बाबांनी काच उचलेपर्यंत ती थांबली. काच कमरेच्या वर आली, दोघांच्या चारही हातांच्या शिरा ताणल्या, तेव्हा ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आजोबांनी कानस खाली ठेवली. आत्याने हसू लपवायला तोंडावर हात धरला.

"बाबा, आई, मला सांगायचंय," टकळी म्हणाली. "चित्रं उतरवायची नाहीत. मंगळवारी कॉलेजचे लोक येतील तेव्हा मी तिथे चित्रांच्या बाजूला उभी राहणार. हात कुठे आहेत असं कुणी विचारलं, तर सांगणार की अजून येत नाहीत, शिकतेय. घेतलं तर सुट्टीत त्या वर्गाला जाणार, नाही घेतलं तर पुढच्या वर्षी परत चित्रं लावणार. एकोणीस माणसांचे अडतीस हात होतात, त्यातले सात काढून झालेत, उरलेले रोज शाळा सुटल्यावर इथे बसून काढणार. आणि मी मोठेपणी चित्रकारच होणार आहे, हे मी विचारत नाहीये, सांगतेय."

बाबांनी तोंड उघडलं. त्यांनी काचेकडे बघितलं, मग काचेतून पलीकडे आईकडे.

"सावकाश," टकळी म्हणाली. "आधी ती खाचेत बसवा, मग बोला. मी इथेच आहे."